पाकीट वाचा, मग गोळी घ्या

तथागत भगवान बुद्धांनी भिक्खुसंघाच्या मूलभूत गरजांमध्ये चीवर, भोजन आणि निवास यांच्या जोडीने औषधालाही स्थान दिले. विनयपिटकातील महावग्गात औषधांसाठी स्वतंत्र खंड आहे. त्याचे नाव भेसज्जक्खंधक. तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे आजारी भिक्खूला घेता येतील, परंतु सात दिवसांपेक्षा अधिक काळ साठवता येणार नाहीत, असा तेथे नियम आहे. हा नियम का झाला तेही त्यात सांगितले आहे. साठवलेले तूप-तेल पाझरू लागले, विहारात उंदीर माजले आणि लोक नावे ठेवू लागले, म्हणून सात दिवसांची मर्यादा आली.

त्याच ग्रंथात आजारी माणूस आणि त्याची शुश्रूषा करणारा यांचे गुण सांगितले आहेत. चांगला रुग्ण पथ्याने वागतो, प्रमाण जाणतो, औषध घेतो आणि आपले दुखणे वाढले की कमी झाले ते शुश्रूषा करणाऱ्यास खरे सांगतो. चांगला परिचारक औषध तयार करून देण्यास समर्थ असतो आणि रुग्णाला काय चालते, काय चालत नाही हे जाणतो. अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखलेली ही गोष्ट आजही खरी आहे. औषध मिळणे आणि औषध योग्य रीतीने पोटात जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दोहोंमधील अंतर कमी करण्यासाठी औषधाच्या पाकिटाचा कसा उपयोग होतो, हे या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

एका डब्याची हकीकत

संस्थेच्या आरोग्य समितीतर्फे आम्ही वस्तीत घरोघर जातो. अशाच एका भेटीत एका आजींनी औषधांचा बिस्किटांचा डबा आमच्यापुढे रिकामा केला. रक्तदाबासाठी त्या दोन दवाखान्यांत जाऊन आल्या होत्या. दोन्हीकडून गोळ्या मिळाल्या होत्या आणि दोन्ही प्रकारच्या गोळ्या त्या नेमाने घेत होत्या. पाय सुजत होते, उठले की डोळ्यांपुढे अंधारी येत होती. एका पट्टीवर एका कंपनीचे नाव, दुसरीवर दुसरीचे, रंगही वेगवेगळे. परंतु दोन्हींवर बारीक अक्षरात औषधाचे मूळ नाव एकच होते, अम्लोडिपिन. आजी आठवडे न् आठवडे दुप्पट औषध घेत होत्या. डॉक्टरांना दोन्ही पट्ट्या दाखवताच त्यांनी एक बंद केली.

त्याच डब्यात कापून दिलेल्या पट्टीचे चार गोळ्यांचे एक तुकडे होते. त्यावर ना नाव होते ना मुदतीची तारीख. ती गोळी कशाची हे आजींना, त्यांच्या सुनेला आणि आम्हालाही सांगता आले नाही.

आजी निष्काळजी नव्हत्या. उलट त्या फार नेमाच्या. पण ज्या पिढीला अक्षरच नाकारले गेले होते, त्या पिढीतल्या आईबापांच्या पोटी त्या जन्मल्या आणि शाळेत कधी गेल्या नाहीत. पट्टीवरचा मजकूर बहुधा इंग्रजीत आणि तोही मुंगीएवढ्या अक्षरांत. अशा माणसाला पाकिटाने काही सांगायचे असेल तर ते रंगाने, मांडणीने आणि खुणेने सांगावे लागते.

गोळ्या का चुकतात?

औषध चुकण्याची कारणे साधी असतात. सकाळची गोळी घेतली की नाही हे दुपारी आठवत नाही. बरे वाटू लागले की गोळी थांबते. दोन गोळ्या सारख्या दिसतात. किती दिवस घ्यायची ते डॉक्टरांनी सांगितलेले असते, पण दवाखान्याच्या गर्दीत ते कानाआड जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. मधुमेह, रक्तदाब यांसारख्या दीर्घ आजारांत पुढारलेल्या देशांतही सरासरी निम्मेच रुग्ण उपचार सांगितल्याप्रमाणे पाळतात, असे त्यात नमूद आहे. म्हणजे हा प्रश्न केवळ अशिक्षितांचा नाही. शिकलेला माणूसही विसरतो.

यावर एक उपाय म्हणजे गोळ्या मोजण्याचे आणि लक्षात ठेवण्याचे काम माणसाकडून काढून पाकिटाकडे देणे.

एका नवऱ्याने केलेली तबकडी

या विचाराचा एक जुना नमुना अमेरिकेतील आहे. इलिनॉय राज्यात डेव्हिड वॅग्नर नावाचे अभियंते राहत होते. चार अपत्यांनंतर त्यांच्या पत्नीने संततिनियमनाच्या गोळ्या सुरू केल्या. तेव्हा त्या साध्या बाटलीत मिळत. आज गोळी घेतली का, यावरून घरात रोज विचारणा होई. वॅग्नर यांनी एका कागदावर वार लिहिले आणि प्रत्येक वारावर एक एक गोळी मांडून ठेवली. काही दिवस हे चांगले चालले. मग एकदा त्यावर काहीतरी पडले आणि कागद व गोळ्या सगळे विखुरले. तेव्हा त्यांनी वारांच्या खुणा असलेली, फिरवता येणारी गोल डबी तयार केली आणि १९६२ साली पेटंटसाठी अर्ज केला. जागा रिकामी दिसली की गोळी घेतली, भरलेली दिसली की राहिली. दुसऱ्याच वर्षी, १९६३ मध्ये, अशा तबकडीतील गोळ्या बाजारात आल्या.

आपल्याकडील माला-डी आणि माला-एन या गोळ्यांच्या पाकिटातही विचार तोच आहे. पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांतील २१ पांढऱ्या गोळ्या संततिनियमनाच्या आणि उरलेल्या ७ वेगळ्या रंगाच्या, लोहाच्या. खरे पाहता ते सात दिवस गोळी घेतली नाही तरी संततिनियमनात उणेपण येत नाही. परंतु सात दिवस सवय मोडली तर पुन्हा सुरू करण्याची तारीख चुकते. म्हणून सवय टिकवण्यासाठी त्या सात गोळ्या, आणि त्यासोबत अंगात लोहही जाते.

कुष्ठरोगाचे पाकीट

पाकिटाने केवढे मोठे काम होऊ शकते, याचा उत्तम दाखला कुष्ठरोगाच्या उपचारात सापडतो. १९४० च्या दशकापासून या रोगावर डॅप्सोन नावाची एकच गोळी दिली जाई. ती वर्षानुवर्षे घ्यावी लागे. एकाच औषधाचा मारा आणि त्यातही खंड, यामुळे जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने एकापेक्षा अधिक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. हाच बहुविध औषधोपचार होय.

उपचार सापडला, पण तो घ्यायचा कसा? ज्यांच्या अंगात जंतू अधिक आहेत अशा प्रौढ रुग्णाला महिन्यातून एकदा रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन यांचा मोठा डोस आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा असतो. उरलेले २७ दिवस घरी रोज क्लोफाझिमिनची लहान मात्रा आणि डॅप्सोनची एक गोळी. हे सर्व सुट्या पुड्यांत दिले तर तीन पुड्या, तीन हिशेब. एक पुडी संपली, दुसरी उरली, असे होणार. आणि रुग्णाने त्यांतले एकच औषध घेतले तर जंतू पुन्हा शिरजोर होणार.

यासाठी २८ दिवसांचे एकच पाकीट तयार करण्यात आले. पट्टीवर महिन्याचा मोठा डोस वेगळा, रोजच्या गोळ्या वेगळ्या आणि दिवसांचे आकडे छापलेले. ज्या दिवशी जी औषधे घ्यायची ती शेजारी शेजारी. पाकिटे चार प्रकारची निघाली. प्रौढ आणि मुले, तसेच कमी जंतूंचा आणि जास्त जंतूंचा आजार, अशी ती विभागणी होती. प्रत्येकाचा रंग निराळा, त्यामुळे मुलाचे पाकीट मोठ्याला जाण्याची भीती कमी. रुग्ण पुढच्या महिन्यात आला की कर्मचाऱ्याने रिकामे पाकीट पाहावे आणि किती गोळ्या राहिल्या ते एका नजरेत ओळखावे. १९९५ पासून ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेमार्फत देशोदेशी मोफत पुरवली जाऊ लागली. भारतात राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आल्याचे २००५ च्या अखेरीस जाहीर झाले. हे यश एकट्या पाकिटाचे नाही. त्यामागे औषधे आहेत, गावोगाव फिरणारे कर्मचारी आहेत. पण योग्य औषध योग्य दिवशी रुग्णाच्या हातात पडावे, यात पाकिटाचा वाटा नाकारता येणार नाही.

क्षयरोगाची पेटी

क्षयरोगाचा उपचार किमान सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत ताप जातो, खोकला थांबतो, वजन वाढते आणि माणूस गोळ्या सोडतो. हाच घात. अर्धवट उपचारातून औषधांना दाद न देणारा क्षयरोग तयार होतो आणि तो घरातल्या इतरांनाही होऊ शकतो.

१९९७ पासून देशात सुधारित क्षयरोग कार्यक्रम विस्तारत गेला. त्यात प्रत्येक रुग्णाच्या नावाची स्वतंत्र पेटी ठेवण्याची पद्धत होती. पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्याची पेटी तांबडी, पूर्वी उपचार घेतलेल्याची निळी. संपूर्ण उपचाराची औषधे त्या पेटीत आधीच ठेवलेली असत. त्यामुळे केंद्रातला साठा मध्येच संपला तरी त्या रुग्णाचे औषध थांबत नसे. गरीब माणसाच्या नावाने सहा महिन्यांचे औषध कुलूपबंद ठेवणे, हा त्या पेटीचा मोठा गुण होता.

२०१७ पासून आठवड्यातून तीनदा औषध देण्याची पद्धत बदलून रोज औषध देणे सुरू झाले आणि निरनिराळी औषधे एकाच गोळीत एकत्र आली. रुग्णाच्या वजनावरून गोळ्यांची संख्या ठरते. पट्टीभोवती कागदाचे वेष्टन घालून त्यात फोन क्रमांक लपवण्याचाही प्रयोग भारतात झाला. गोळी दाबून काढली की मागचा क्रमांक दिसे. रुग्णाने त्यावर विनामूल्य फोन लावला की त्या दिवशीची नोंद होई. कल्पना चतुर होती. पण काही जण गोळी घेत आणि फोन करीत नसत, तर काही जण फोन करूनही गोळी घेत नसत, असे पुढच्या पाहण्यांत दिसून आले. पाकीट आठवण देऊ शकते. घास गिळण्याचे काम माणसाचेच.

रंग आणि माप

गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात हिवतापाचा उपद्रव मोठा आहे. तेथे पाड्यावरच्या आशाताईला रात्री-अपरात्री औषध द्यावे लागते. फाल्सिपेरम जातीच्या हिवतापावरील तीन दिवसांच्या गोळ्यांसाठी राष्ट्रीय कार्यक्रमात वयोगटानुसार रंगीत पाकिटे ठरवली गेली. एक वर्षाखालील बाळाला गुलाबी, १ ते ४ वर्षांना पिवळे, ५ ते ८ वर्षांना हिरवे, ९ ते १४ वर्षांना तांबडे आणि त्यापुढील सर्वांना पांढरे. गोळी मोडून अर्धी-पाव करण्याची गरज उरत नाही. वय विचारायचे आणि रंग पाहायचा.

लोहाच्या गोळ्यांतही अशी योजना आहे. गरोदर मातांसाठी तांबडी, किशोरवयीन मुलामुलींसाठी निळी आणि शाळेतल्या लहान मुलांसाठी गुलाबी.

मापाच्या बाबतीत क्षारसंजीवनीच्या पुडीचे उदाहरण द्यावेसे वाटते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली. पश्चिम बंगालमधील बनगावच्या रुग्णालयात डॉ. दिलीप महालनबीस काम करीत होते. शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांनी कलकत्त्यात ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरला आणि गरम इस्त्रीने त्या बंद केल्या. ठरलेल्या पाण्यात पिशवी विरघळवायची आणि नातेवाइकांनी ते रुग्णाला पाजत राहायचे, एवढेच काम. तेथील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. माप आधीच पिशवीत बांधलेले होते, म्हणून परिचारिकेचे काम आईला करता आले.

म्हणूनच या पुडीचा नियम मोडू नये. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात घालावी. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकू नये. २०० मिलिलिटर पाण्यासाठीच्या लहान पुड्याही मिळतात, तेव्हा पुडीवर किती पाणी लिहिले आहे ते आधी पाहावे. केलेले पाणी २४ तासांत संपवावे, उरलेले टाकून द्यावे. ओआरएस हे नाव मिरवणारी गोड पेये बाजारात विकली जात होती. त्यांवर ते नाव वापरण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये मनाई केली. पाकीट खरे सांगते तसे फसवूही शकते, हे यावरून ध्यानात यावे.

पट्टी कशी वाचावी?

आता आपल्या हातातल्या पट्टीकडे वळू. पुढील गोष्टी घरातल्या शाळकरी मुलालाही पाहता येतील.

१. औषधाचे मूळ नाव. कंपनीचे नाव मोठे आणि औषधाचे नाव बारीक, अशी पूर्वी रीत होती. २०१८ पासून मूळ नाव कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या आणि ठळक अक्षरांत छापण्याचा नियम आहे. दोन पट्ट्यांवर मूळ नाव एकच दिसले तर दोन्ही घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

२. ताकद. नावापुढे मिलिग्रॅमचा आकडा असतो. ५ आणि १० यांत दुपटीचा फरक आहे. दुकानदाराने कंपनी बदलून दिली तर हा आकडा जुन्या पट्टीशी ताडून पाहावा.

३. मुदत. महिना आणि वर्ष छापलेले असते. त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत औषध वापरावे, असा त्याचा अर्थ.

४. तांबडी उभी रेघ. अशी रेघ असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. जंतुनाशक औषधांचा मनमानी वापर थांबावा म्हणून या रेघेची ओळख लोकांना करून देण्याची मोहीम केंद्र सरकारने २०१६ मध्ये सुरू केली.

५. चौकोनी संकेतचिन्ह. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० औषधांवर क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाले आहे. मोबाइलने तो पाहिला की औषधाचे नाव, कंपनी, बॅच आणि मुदत कळते.

पट्टी कापून घ्यावी लागली, आणि गरिबाला ती घ्यावी लागते, तर नाव व मुदत ज्या तुकड्यावर आहे तो मागून घ्यावा. दुकानदाराने नकार दिला तर त्याच्यासमोरच पाकिटावर किंवा चिठ्ठीवर ते उतरवून घ्यावे. गोळ्या पट्टीतून काढून एका बाटलीत एकत्र करू नयेत. पातळ औषध घरच्या चमच्याने न देता बाटलीसोबतच्या मापाने द्यावे, कारण घरोघरचे चमचे सारखे नसतात.

संधिवातावरील मेथोट्रेक्सेट या गोळीविषयी विशेष सावधगिरी हवी. त्या आजारात ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेल्याने रुग्ण दगावल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या. त्यामुळे २०१९ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने या गोळ्या बाटलीऐवजी पट्टीत द्याव्यात आणि पाकिटावर आठवड्यातून एकदा घेण्याची सूचना ठळक असावी, अशी शिफारस केली. आपल्या घरी ही गोळी असेल तर ठरलेला वार पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

पाकिटाच्या पलीकडे

आठवण देणाऱ्या पाकिटांविषयी झालेल्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा पाकिटांमुळे घेतल्या गेलेल्या गोळ्यांचे प्रमाण सरासरी ११ टक्क्यांनी वाढल्याचे त्यात दिसले. लाभ खरा आहे, पण सगळा प्रश्न त्याने सुटत नाही. रिफाम्पिसिनने लघवी तांबडी होते, क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण घाबरून औषध फेकून देतो. कुष्ठरोगाचे पाकीट शेजाऱ्यांना दिसेल या भीतीने ते लपवणारी माणसेही आहेत. रोजी बुडवून दवाखान्यात रांग लावणे ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी पाकीट कितीही सुंदर असो, ते रिकामेच राहते. तेथे माणसाची गरज लागते.

एका आजारी भिक्खूकडे कोणीच पाहत नव्हते. तो स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगून स्वतः त्याला धुतले, उचलून निजवले आणि माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी, असे संघाला बजावले. हा प्रसंग आपण दर वर्षावासात ऐकतो. तो आचरणात आणायचा तर फार मोठे रुग्णालय उभारावे लागत नाही.

आमची सूचना साधी आहे. पौर्णिमेला वंदनेसाठी विहारात येताना ज्येष्ठांनी आपला औषधांचा डबा आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आणावी. बाबासाहेबांच्या पुण्याईने शिकलेली आपली मुले-मुली आज औषधनिर्माणशास्त्र व परिचर्या शिकत आहेत. त्यांनी तासभर बसून प्रत्येक पट्टी वाचावी, मुदत संपलेली बाजूला काढावी, सकाळच्या पट्टीवर सूर्य आणि रात्रीच्या पट्टीवर चंद्र रेखावा, जेवणाआधीच्या गोळीपुढे रिकामे ताट आणि नंतरच्या गोळीपुढे भरलेले ताट काढावे. शंका असेल तेथे स्वतः निर्णय न घेता डॉक्टरांकडे पाठवावे. औषध बदलण्याचा वा बंद करण्याचा अधिकार आपला नाही, याचे भान ठेवावे.

त्या आजींच्या डब्यात आता तीनच पट्ट्या आहेत. एकीवर त्यांच्या नातीने पेनाने सूर्य काढला आहे, दोहोंवर चंद्र. गोळी घेण्यापूर्वी आजी पट्टी उजेडात धरतात आणि चित्र पाहतात. हे काम प्रत्येक घरात व्हावे, एवढीच आमची विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!